ग्रेनाडा ते बेक्विया: 'तारू'वरचे अकरा दिवस

दिवस १, प्रिकली बे, ग्रेनाडा

कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडाहून उत्तरेला बेक्विया बेटाकडे निघायचं ठरलं होतं सोमवारी आणि आज गुरुवार उजाडला तरी आम्ही इथेच. वारा पंचवीस नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) खाली यायला तयार नाही आणि उत्तरेकडे जायचं म्हणजे त्याच्या तोंडावरच जायचं, त्यामुळे थांबलो. चार वर्षांत बोटीवर राहून काय शिकलात असं कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन, थांबायला शिकलो. तारीख आपण ठरवायची नाही, वारा ठरवतो.

आमची बोट ३८ फुटी, जुनी, सेकंडहँड घेतलेली, एक डोलकाठी, दोन शिडं. नाव 'तारू' कारण वेंगुर्ल्याची माझी आजी कुठलंही अडलेलं काम पार पडलं की म्हणायची, लागलं गो तारू बंदराला. नवऱ्याला या सगळ्याचं वेड लागलं ते २००९-१० मध्ये, दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले तेव्हा. पहिला भारतीय माणूस एकटा शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारून येतो, आणि तो आपला मराठी माणूस, ते कात्रण अजून आमच्या केबिनमध्ये चिकटवलेलं आहे. पुढे नोकऱ्या, कर्ज, टोरंटो, आणि मग एक दिवस खरंच बोट घेतली. डिसेंबर ते मे इथे बोटीवर राहतो, वादळांच्या सीझनमध्ये बोट पाण्याबाहेर काढून ठेवतो आणि परत कामाला जातो.

आज बसने सेंट जॉर्जेसच्या बाजारात जाऊन आले. तिथली प्रत्येक खेप मला माहेरची वाटते. जायफळ तर इतकं, की देशाच्या झेंड्यावरच आहे. माझ्या मामाच्या बागेत जायफळाची चार झाडं आहेत, लाल जायपत्री गुंडाळलेलं ओलं फळ हातात घेतलं की तोच वास येतो. २००४ च्या आयव्हन वादळात इथल्या जायफळाच्या बहुतेक बागा आडव्या झाल्या, आणि नवीन झाड लावलं तर फळ धरायला सात-आठ वर्षं जातात, त्यामुळे तो धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही. बाजारातली मावशी हे सांगत होती आणि सांगताना एकेक जायफळ हातात हलवून बघून पिशवीत टाकत होती, आतली बी खुळखुळली म्हणजे नीट वाळलंय.

दुपारी रोटी खाल्ली. इथली रोटी म्हणजे आत भरडलेल्या डाळीचं सारण असलेली मोठी पातळ पोळी आणि तिच्यात गुंडाळलेला चिकन-बटाट्याचा रस्सा. ही इथे कशी आली? १८५७ मध्ये 'मेडस्टोन' नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन ग्रेनाडाला लागलं, आणि पुढच्या तीसेक वर्षांत तीन हजारांवर माणसं उसाच्या मळ्यांत राबायला आणली गेली. भाषा गेली, डाळ राहिली. दुकानातली मुलगी "दाल" म्हणते, "चना" म्हणते, तिला या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही.

दिवस २, मोलिनियर

वारा अठरावर आला, निघालो. दक्षिणेचं टोक वळून पश्चिम किनाऱ्याला आलो की समुद्र एकदम शांत, डोंगराचा आडोसा मिळतो. मोलिनियरला बोट बांधायला बोये (तरंगत्या खुणा) आहेत, नांगर टाकायचा नाही कारण खाली प्रवाळ. आणि खाली पुतळे आहेत, माणसांचे, खरे माणसाच्या आकाराचे, २००६ मध्ये जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराने बुडवलेले. हात धरून गोल उभी असलेली मुलं आहेत. स्नॉर्केल लावून वरून बघितलं तर त्यांच्या गालांवर स्पंज आणि प्रवाळ उगवलेत, कोणाला नाक उरलेलं नाही, एकाच्या खांद्यावर छोटे पिवळे मासे घर करून. वादळांनी मोडलेल्या मूळ प्रवाळावर पर्यटकांची गर्दी कमी व्हावी हा त्यामागचा हेतू. मी अर्धा तास तरंगत होते, वर यावंसंच वाटेना.

संध्याकाळी नीरफणसाची कापं केली, रवा लावून, कमी तेलात. काल बाजारातून आणलेला. इथे त्याला ब्रेडफ्रूट म्हणतात आणि त्याचा इतिहास कडवट आहे: मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोटभर खाणं मिळावं म्हणून कॅप्टन ब्लायने ताहितीहून रोपं आणून १७९३ मध्ये सेंट व्हिन्सेंटला उतरवली. आज तोच नीरफणस, खारवलेलं मांस, अळूची पानं, हळद आणि नारळाचं दूध एका पातेल्यात आटेपर्यंत शिजवलं की झालं ग्रेनाडाचं राष्ट्रीय जेवण, ऑइल डाउन. अळू हो, आपला अळूच, ते त्याला कॅललू म्हणतात. मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर पहिला प्रश्न, "चिंच घातलीस ना, नाहीतर घसा खवखवेल."

दिवस ३, टायरेल बे, कॅरियाकूपर्यंत

पहाटे पाचला निघालो. अंतर तीसेक सागरी मैल, पण समोरून वारा आणि पश्चिमेकडे ढकलणारा प्रवाह, त्यामुळे आडवंतिडवं जात चाळीसच्या वर होतात. ग्रेनाडाच्या आडोशाला वारा मध्येच गुल व्हायचा, मध्येच डोंगराच्या फटीतून एकदम झोंबायचा, आणि उत्तरेचं टोक सुटलं की जो खरा अटलांटिक सुरू झाला तो थेट टायरेल बेपर्यंत.

या वाटेत, ग्रेनाडाच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर, पाण्याखाली जिवंत ज्वालामुखी आहे. नाव किक एम जेनी. १९३९ मध्ये तो फुटला तेव्हा जगाला कळलं की इथे खाली काहीतरी आहे, शेवटचा फुटला २०१७ मध्ये. माथा पाण्याखाली सुमारे १९० मीटर. त्याच्याभोवती दीड किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलेलं आहे, आत शिरायचं नाही, आणि हालचाल वाढली तर वर्तुळ पाच किलोमीटरचं होतं. भीती नुसती स्फोटाची नाही. खालून वायूचे बुडबुडे सुटले की पाणी हलकं होतं, आणि हलक्या पाण्यावर बोट तरंगत नाही, सरळ खाली जाते. नवरा सुकाणूवर, मी फोनवरच्या नकाशात आमचा ठिपका त्या वर्तुळाच्या बाहेरून सरकताना बघत होते आणि वर बघितलं तर काहीच नाही, निळं पाणी, दोन पक्षी.

या सगळ्यात दिवसभर खालून एक आवाज. टक-टक, टक-टक. शेगडीच्या बाजूचं मसाल्याचं कपाट, त्याचं दार लाटेगणिक हलतं. बोट तिरकी चालली की आमची शेगडी तिच्या आसावर झुलून सपाट राहते, कुकरसुद्धा जागचा हलत नाही, पण हे दार. कागद घडी करून खोचला, रबर लावलं, चिकटपट्टी लावली, प्रत्येक उपाय तासभर टिकतो. ऐकणाऱ्याला वाटेल एवढंसं काय ते, पण रात्री डोक्यापासून चार फुटांवर टक-टक चालू असेल तर झोप येत नाही, आणि बोटीवर न झोपलेला माणूस चुका करतो.

दुपारी दोनला नांगर पडला. पाच मीटर पाणी, तीस मीटर साखळी सोडली, इंजिन मागे घेऊन ताण दिला, मग मी गॉगल लावून पोहत जाऊन बघितलं, फाळ वाळूत पूर्ण रुतलेला. हे मी प्रत्येक वेळी करते. नांगर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला जेवण जात नाही.

दिवस ४ आणि ५, कॅरियाकू

इथे मला जरा जास्त लिहायचंय.

१ जुलै २०२४ ला बेरिल वादळ थेट या बेटावरून गेलं, ताशी सुमारे २४० किलोमीटर वारा. ३४ चौरस किलोमीटरचं बेट, जवळजवळ प्रत्येक घराला मार. टायरेल बेच्या कडेला खारफुटीची जी खाजणं आहेत ती पिढ्यानपिढ्या वादळात बोटी लपवायची जागा, तिथे आत शिरून खारफुटीला दोर बांधून ठेवायचे, आणि या वेळी तिथल्याच बोटी एकमेकींवर चढून मोडल्या. आमची तेव्हा ग्रेनाडाच्या दक्षिणेला होती म्हणून वाचली, आमच्या हुशारीने नाही. बेरिलनंतरचा आमचा हा दुसरा सीझन. डिंगी, म्हणजे बोटीवरची छोटी होडी, घेऊन खारफुटीच्या कडेने गेलो, पानं परत फुटलीत, खालच्या फांद्या हिरव्या, वरचे शेंडे अजून पांढरे वाळलेले, आणि मध्येच एक वाकलेली डोलकाठी.

दुसऱ्या दिवशी मिनीबसने विंडवर्ड गावाला गेलो. इथले लोक स्कॉटलंडहून आलेल्या जहाज बांधणाऱ्यांचे वंशज, आडनावं अजून स्कॉटिश, आणि किनाऱ्यावर वाळूतच लाकडी बोटी बांधतात. प्लॅन नाही, ड्रॉइंग नाही, डोळ्याच्या अंदाजाने. कणा आधी मांडायचा, मग व्हाइट सीडरच्या बरगड्या. लाकूड वाकवत नाहीत, मुळातच तसा बाक असलेली फांदी जंगलात शोधून आणतात, म्हणजे बोटीची बरगडी आधी झाडावर बघायची आणि मग तोडायची. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने या कलेला वारसा यादीत घेतलं आणि सातच महिन्यांत बेरिल आलं.

किनाऱ्यावर एक बोट उभी होती, बरगड्या पूर्ण, फळ्या अर्ध्या. एक सत्तरीचे काका सावलीत बसून रंधा मारत होते. आम्ही हाय-हॅलो केलं, इथे आधी गुड मॉर्निंग म्हणायचंच, न म्हणता काही विचारलं तर उद्धटपणा समजतात, आणि मला ते फार आवडतं. मी त्यांना विचारलं की एवढ्या तडाख्यानंतर परत बोट का, घर आधी का नाही. ते म्हणाले, छप्पर झालं माझं, आणि बोट नसेल तर या बेटावर सिमेंट कशातून येणार? मग बोट पाण्यात सोडतात ते कसं, ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. बोट टेकूंवर उभी असते, दोन्ही बाजूंनी माणसं कुऱ्हाडी घेऊन टेकू खालून थोडे थोडे कापत आणतात, बोट हळूहळू एका कुशीवर निजते, मग ओंडक्यांवरून सगळं गाव दोर लावून ओढत पाण्यात नेतं. त्याआधी पाद्री येतो, बकरं कापतात, रम शिंपडतात, गावजेवण. मी त्यांना नारळी पौर्णिमेचं सांगितलं, आमच्याकडे समुद्राला नारळ देतात, होडीची पूजा करतात, गोडाचा भात होतो. त्यांनी फार नीट ऐकलं आणि विचारलं, "नारळ फोडून देता की अख्खा?" अख्खा म्हटल्यावर मान डोलावली.

नवऱ्याने सहज त्या टक-टकीचं सांगितलं. काकांनी विचारलं दार कुठल्या बाजूला उघडतं, बोट बहुतेक कुठल्या कुशीवर कलते, फट केवढी. नवऱ्याने बोटाची जाडी दाखवली. त्यांनी पायाजवळचा सीडरचा एक ढलपा उचलला, चाकूने चार-पाच काप घेतले, दोनदा डोळ्यासमोर धरून बघितला आणि एक पाचर करून दिली, करंगळीएवढी, एका टोकाला निमुळती. म्हणाले कोरडी आहे तोवर नुसती सरकवा, ठोकू नका, ओल लागली की आपोआप फुगेल. पैसे घेईनात. मी पिशवीतला नीरफणस दिला तो मात्र लगेच घेतला.

दिवस ६, क्लिफ्टन, युनियन बेट

सकाळी टायरेल बेला कस्टमची कागदपत्रं करून ग्रेनाडा देश सोडला. पुढचं बेट आठ-नऊ मैलांवर पण देश वेगळा, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडिन्स. पैसे मात्र तेच, ईस्ट कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला २.७०. ग्रेनाडाचा झेंडा उतरवला, पिवळा चढवला, म्हणजे आम्ही अजून परवानगी घेतलेली नाही.

क्लिफ्टनच्या तोंडाशी दोन्हीकडे प्रवाळाचे खडक. इथल्या समुद्रात बंदरात शिरताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा, आपल्याकडे मुंबईला डाव्या. मी आजही दरवेळी मोठ्याने म्हणते, लाल उजवीकडे, लाल उजवीकडे. शिडं उतरवून इंजिनवर शिरत होतो आणि तेवढ्यात इंजिनचा आवाज बदलला, घोगरा, कोरडा. मागे वाकून बघितलं तर एक्झॉस्टमधून पाणीच पडत नाहीये. इंजिनला थंड करणारं समुद्राचं पाणी आत येत नाही म्हणजे दोन-तीन मिनिटांत ते तापणार. नवऱ्याने ताबडतोब इंजिन बंद केलं, मी पुढचं शीड अर्धं उघडलं, वारा आडवा होता म्हणून निभावलं, खडकांच्या मधून शिडावर आत आलो आणि पहिल्या मोकळ्या जागेत नांगर सोडला. हात किती कापत होते ते नांगर पडल्यावर कळलं.

फिल्टर उघडला तर आत गच्च सरगॅसम. हे तपकिरी-सोनेरी शेवाळ २०११ पासून कॅरिबियनमध्ये जवळजवळ दरवर्षी येतंय, समुद्राच्या मध्यात आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचे पट्टे तरंगतात. हातात घेतलं तर पानांच्या मध्ये हवेचे बारीक मणी, मोठ्या साबुदाण्याएवढे, त्यांच्यावरच ते तरंगतं, दाबला की फट्ट फुटतो. समुद्रात आहे तोवर माशांच्या पिल्लांना आसरा, पण किनाऱ्याला लागून कुजलं की अंडी सडल्यासारखा वास आणि मासेमारांच्या बोटी अडकतात. बादलीभर काढलं.

युनियनवर बेरिलने कॅरियाकूपेक्षा कमी केलं नाही, ९० टक्के घरं मोडली किंवा जबर नुकसान झालं असं तेव्हाच्या पंतप्रधानांनी सांगितलं होतं. आम्ही भाजी, पाव, अंडी सगळं इथेच घेतलं, दोन पैसे जास्त पडले तरी. या बेटांवरून जाणाऱ्या प्रत्येक बोटीने इथे एक रात्र थांबून खरेदी करावी असं मला मनापासून वाटतं.

दिवस ७ ते ९, टोबॅगो केज

पाच मैल, पण डोळे पाण्यावर. इथे नकाशापेक्षा रंग वाचायचा. गडद निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळू आणि बोटीपुरतं पाणी, पिवळट म्हणजे अगदी उथळ, तपकिरी म्हणजे प्रवाळ, तिकडे जायचंच नाही. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच शिरायचं, समोर असला की चकाकीत काही दिसत नाही, ढग आला तर थांबायचं. मी पुढे टोकावर उभी राहून हाताने दाखवत होते, वाऱ्यात ओरडून काही ऐकू जात नाही.

पाच छोटी निर्मनुष्य बेटं आणि त्यातल्या चारांच्या पूर्वेला घोड्याच्या नालासारखं प्रवाळ. त्याच्या मागे नांगर टाकला की समोर जमीन नाही, प्रवाळावर फुटणारी पांढरी रेघ आणि पुढे थेट आफ्रिका. वारा पूर्ण लागतो, लाट मात्र प्रवाळ अडवतं. माणूस एवढ्या उघड्यावर एवढा सुरक्षित असू शकतो हे इथे आल्याशिवाय पटत नाही.

बॅराडल बेटाजवळ दोर लावून कासवांची जागा राखलेली आहे. छातीभर पाण्यात खाली समुद्री गवताचं कुरण आणि त्यात हिरवी कासवं चरतात, अगदी गाईसारखी, मान वाकवून, गवताचं एकेक पातं तोडून. त्यांच्या चावण्याचा आवाज मला खरंच आला, कुरुम कुरुम. एक वर आलं, माझ्यापासून पाच फुटांवर, डोकं बाहेर काढून फुस्स करून श्वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत खाली चरायला. अशा वेळी हातपाय हलवायचे नाहीत, जवळ जायचं नाही, ते येतील तेवढंच.

आठव्या रात्री दोन वाजता स्क्वॉल आला. आधी गार झुळूक, मग एकदम पस्तीस नॉट आणि आडवा पाऊस. नांगर सरकला तर वाजणारा अलार्म फोनवर लावलेला असतोच, तो वाजला नाही तरी दोघं कॉकपिटमध्ये जागे, इंजिन चालू, शेजारच्या बोटीचा दिवा कुठे आहे त्यावर नजर. वीस मिनिटांत संपलं. मग पावसाचं पाणी. आमच्या टाक्या ३८० लिटरच्या, समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन नाही, दोघांना दिवसाला वीस लिटर पुरवतो, भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी गोड्याचा एक हात. त्यामुळे पहाटे अडीचला ताडपत्री बांधून साठ लिटर पाणी गोळा केलं आणि मी केस धुतले, सात दिवसांनी, गोड्या पाण्याने. तो आनंद शब्दांत सांगता येत नाही.

दिवस १०, मेरो बेट

एक रात्र. वरच्या चर्चपाशी चढून गेलो, तिथून काल जिथे होतो ते सगळं प्रवाळ एका नजरेत दिसतं. लवकर झोपलो.

दिवस ११, बेक्विया

पंचवीस मैल, शेवटचे दहा उघड्या समुद्रात. लाट दोन मीटर, शिडं निम्मी करून घेतली. ॲडमिरल्टी बेमध्ये शिरलो तेव्हा अंगावर मिठाचा थर.

बेक्वियाला आजही देवमासा मारतात, हाताने फेकायच्या भाल्याने, उघड्या शिडाच्या होड्यांतून, आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने दिलेल्या वर्षाला सरासरी चार हंपबॅक देवमाशांच्या मर्यादेत, आणि काही वर्षी एकही मिळत नाही. मला ते बघवणार नाही. पण बंदरावर एका म्हाताऱ्या माणसाने ती होडी कशी धरतात, वाऱ्याला कुठून येतात हे सांगितलं तेव्हा तो शिकारीबद्दल नाही, होडीबद्दल बोलत होता, आणि मी तासभर ऐकत बसले. बाजूच्या दुकानात त्याच होड्यांच्या लाकडी प्रतिकृती, हातभर लांबीच्या, दोर आणि खुंट्यांसकट. आईसाठी एक घेतली.

रात्री बंदरात उत्तरेची लाट आली, बोट कुशीवरून कुशीवर डुलतेय. वरणभात झाला, कुकरच्या तीन शिट्ट्या पाण्यावरून लांबपर्यंत गेल्या. आडवी झाले आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की काहीतरी ऐकू येत नाहीये. टॉर्च घेऊन बघितलं. पाचर दारात बसलेली, खाऱ्या हवेने फुगून रंग थोडा गडद झालेला, बोटाने ढकलून बघितली, हलली नाही.